पौषातलं लोणी

लोणी आलं की आवाज बदलतो. आधी नुसती सळसळ असते, मग रवी जड होते, खांदे भरून येतात, आणि मग एकाएकी डेऱ्यातलं ताक पातळ होऊन डबाडबा वाजायला लागतं. तो आवाज एकदा कानात बसला की जन्मात जात नाही. इथं सांगलीत माझी सून मिक्सरमध्ये साय फिरवते. ते यंत्र एवढं बोंबलतं की सगळ्या आळीला कळावं, यांच्याकडं आज लोणी निघतंय. तरी मी बाहेरच्या खोलीतून सांगते, झालं बघ, बंद कर. ती झाकण काढून बघते आणि विचारते, आई, तुम्हाला कसं कळलं? आता यात कळायचं काय डोंबल आहे?

मी मूळची माणची. दहिवडीच्या पलीकडं, जिथं पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. बाजरीची चार वावरं, शेळ्या आणि दावणीला एकच गाय, एवढा आमचा पसारा. दुष्काळात ती गाय छावणीत बांधावी लागली होती. दुष्काळ सरल्यावर पुढच्याच वर्षी वडिलांनी माझं लग्न जमवलं ते थेट जावळीत, मेढ्याच्या वर डोंगरात. त्यांचं एकच म्हणणं होतं, पोरीला पाणी बघायला मिळू दे. मुलगा मिलिटरीत होता, दावणीला दोन म्हशी होत्या, भाताची खाचरं होती आणि घरात सासू सोडून दुसरं माणूस नव्हतं. मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. मलाही तसंच वाटलं.

हळद निघाली न निघाली तोवर यांची रजा संपली. ट्रंक डोक्यावर घेऊन एक गडी पुढं आणि हे मागं, असे दोघं उतरणीनं एस्टी धरायला गेले. मी दारात उभी. ते वळणावर दिसेनासे झाले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत गेल्या आणि म्हशींना वैरण टाकायला लागल्या. मला वाटलं, आता येतील आणि काहीतरी बोलतील. ‘रडू नगं’ म्हणतील किंवा ‘रडतीस कशाला’ म्हणून खेकसतील. दोन्हीतलं काही झालं नाही.

बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मारहाण नाही, जाच नाही, भाकरी मोजून वाढणं नाही. टोचून बोलणंही नाही, कारण टोचायलासुद्धा आधी बोलावं लागतं. नवरा गेल्यापासून एकटीनं म्हशी सांभाळत, एकटीनं पोरगा वाढवत त्यांची बोलायची सवयच मोडली असावी. म्हशींशी मात्र बोलायच्या. धार काढताना हळू आवाजात त्यांचं काही ना काही चाललेलं असायचं. मी गोठ्याच्या भिंतीला कान लावून ऐकायची. माणसाला म्हशीचा हेवा वाटावा अशी पाळी कुणावर येऊ नये, पण माझ्यावर आली होती.

आणि त्यातून घुसळणीची रीत. माजघरात एक घुसळखांब होता, तेलातुपानं काळा पडलेला. त्याला रवी अडकवायची, डेऱ्यात सोडायची आणि दोरी ओढायची. घुसळण चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही, हा आत्याबाईंचा नेम होता. लोण्याचं तर नावच काढायचं नाही. नाव काढलं की ते बुजतं, असं त्या मानायच्या. आवाज फुटला की त्या नुसतं ‘आलं’ म्हणायच्या आणि बोटभर काढून खांबाला लावायच्या. मग बाकीचं. अमावास्येला डेरा हलवायचा नाही. दिवेलागणीनंतर विरजण दाराबाहेर द्यायचं नाही, मग मागायला सख्खी बहीण येवो. ताक द्यायचं ते मिठाचा खडा टाकून, आणि नेणारीनं पदराआड झाकून न्यायचं. ताक विकायचं मात्र नाही. दूध विकावं, ताक वाटावं. आमच्या माणातही यातलं बरंचसं होतं, पण आमच्यात दूधच एवढं कमी की नेम पाळायला वेळच यायची नाही.

त्या घरात मला माणसाचा आवाज ऐकू यायचा तो ताक न्यायला येणाऱ्या आक्काचा.

आक्का आमच्या शेजारची. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी असेल. तिचा नवरा मुंबईला गिरणीत गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसला. मूलबाळ नाही. दिरानं परसाकडची एक खोली तोडून दिली होती, तिथं ती स्वतःची चूल मांडून राहायची, लोकांच्या खाचरात राबायची. गाईगुरं नाहीत. रोज सकाळी कासंडी घेऊन यायची आणि उंबऱ्याबाहेर टेकायची. आत कधी आली नाही. घुसळण संपेपर्यंत तीही बिचारी गप्प असायची, पण आत्याबाई एकदा ‘आलं’ म्हणाल्या की हिच्या तोंडाला जी धार लागायची ती कासंडी भरून ती उठेपर्यंत थांबायची नाही.

मला ती ‘माणची’ म्हणायची. काय गं माणची, तुमच्यात म्हणं एका तांब्यात सगळं घर अंघोळ करतं? मी म्हणायची, व्हय, आणि उरलेल्यात धुणं धुतो. ती हसून हसून डोळे पुसायची. तिनंच मला घसरणीवर टाचेनं कसं उतरायचं ते शिकवलं, पावसाळ्यात इरलं कसं पाठीवर घ्यायचं ते शिकवलं. माझा पहिला श्रावण चालला होता, माहेराहून कुणी न्यायला आलं नव्हतं, येणार कसं, वडिलांना ताप होता. पंचमीच्या दिवशी तिनं ताक घेतलं आणि ती गेलीच नाही. उंबऱ्याबाहेर बसून राहिली, माझ्याशी काहीबाही बोलत, तिला खाचरात उशीर होत असतानाही. जाताना एवढंच म्हणाली, “मी हाय न्हवं हितं.”

कुणी मला इतकं साधं काही म्हणून किती महिने झाले होते. मी आत जाऊन रडले.

दिवाळी झाली आणि आत्याबाईंचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. एका सकाळी त्यांनी रवी धुतली, माझ्या हातात दिली आणि बाजूला भिंतीला टेकून बसल्या. सांगणं नाही, शिकवणं नाही. पण मला त्याचा अर्थ कळत होता. ज्या घरात रवी हातात आली ते घर आपलं झालं. मी पदर खोचला आणि बसले. माझ्या आईनं मला गाईच्या दुधाचं का होईना, घुसळायला शिकवलं होतं आणि तिचा एकच मंत्र होता, शेवटी शेवटी गार पाणी ओतायचं, गारेगार, मडक्यातलं. त्याशिवाय लोण्याचा गोळा होत नाही. मी तसंच केलं आणि लोणी आलं. आत्याबाई ‘आलं’ म्हणाल्या नाहीत, मीच म्हणाले. मार्गशीर्ष सरेपर्यंत रोज येत राहिलं. आक्का म्हणायची, माणचीच्या हाताला यश हाय गं बया.

मग पौष लागला. जावळीतली थंडी मी तोवर बघितली नव्हती. आमच्यात थंडी पडते, पण ती कोरडी, ऊन आलं की पळते. इथं दरीतून धुकं चढायचं आणि दुपार झाली तरी माजघरात दात वाजायचे. दही रात्रभरात नीट लागेना. आणि अशाच एका सकाळी मी घुसळायला बसले ती बसलेच. फेस यायचा, वर चढायचा, पण आवाज काही फुटेना. मी आपली आईचं ऐकून गार पाणी ओतलं. मग आणखी ओतलं. घागरीतलं पाणी, रात्रभर थंडीत मुरलेलं, हात घातला तर बोटं बधिर व्हावीत असलं. मी मनात म्हणते आहे, आता होईल गोळा, आता होईल. कसचं काय. बारीक कणी कणी वर तरंगायला लागली, भगरीसारखी, आणि गोळा होईना.

उन्हं अंगणात आली तरी दोरी माझ्या हातातच. आक्का केव्हाची येऊन बसली होती. तिचाही खोळंबा होत होता. शेवटी तिच्यानं राहवलं नाही. माझी दया आली असेल, म्हणाली, घाम फुटला की गं पोरीला, आन् लोन्याचा अजून पत्ताच न्हाई.

बोलू नये तेव्हा बोलली, आणि नाव काढू नये त्याचं नाव काढलं. आत्याबाईंनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. आक्कानं जीभ चावली. त्या दिवशी ती ताकासाठी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती भगर फडक्यातून गाळून काढावी लागली. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या डेऱ्यावरून उतरून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. मिरच्या जळून ठसका आला नाही म्हणजे नजर मोठी, हे काय आम्हाला कुणी वेगळं सांगायला नको. माझाही विश्वास बसला, खोटं कशाला सांगू. फक्त मला वाटलं होतं की दोष माझाच, माझ्या पायाचा. मला मनातून भीती ही की आता रवी काढून घेतील. आत्याबाईंच्या मनात भलतंच होतं.

त्यांनी वैरणीचा विळा चुलीत घातला. लालभडक होईतो फुंकत राहिल्या. मग डाव्या हातानं धरून आणला, डेऱ्यात बुडवला. चर्र झालं, वाफ माजघरभर पसरली, आंबूस. ओठातल्या ओठात काही म्हणाल्या. विळा परत चुलीत, परत डेऱ्यात. असं किती वेळा केलं कोण जाणे, त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. मग मला खूण केली. मी दोरी धरली, आणि काय सांगू, थोड्याच वेळात तो आवाज फुटला. डबाडबा. असला पांढराशुभ्र, घट्ट गोळा वर आला की बघत राहावं.

आत्याबाईंनी खांबाला बोट लावलं. मग इतक्या महिन्यांत कधी नव्हे तो त्यांनी मला माझ्या तोंडावर बघून एक वाक्य सांगितलं. “आजपासनं तिला ताक न्हाई, आन् तिनं आपल्या उंबऱ्याशी बसायचं न्हाई.”

 लोणी समोर होतं. मी ते गोळा करायला डेऱ्यात हात घातला, आणि माझा हात तिथंच थांबला. ताक कोमट होतं. तेवढ्या थंडीत हात घालून बसावंसं वाटावं इतकं कोमट.

तो सगळा दिवस मी शेण काढताना, भाकरी थापताना एकच विचार करत होते. आमच्या माणात घुसळायचं ते उन्हाळ्यात, कारण गाय व्यायची ती तेव्हाच्या सुमाराला. वैशाखात दही पातळ होतं, लोणी वितळून पसरतं, म्हणून आई गार पाणी ओतायची. इथं पौष. इथं लोणी आधीच गारठून दगड झालेलं, ते एकमेकांना चिकटेल कसं? आणि मी वेडी त्यात घागरीतलं बर्फासारखं पाणी ओतत होते. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या देखत मी चुलीवरचं पाणी डेऱ्यात घातलं, अगदी हाताला सोसेल एवढं ऊन. विळा नाही, मिरच्या नाहीत. रोजच्यापेक्षा लवकर लोणी आलं.

नेम मोडून मी तिथंच बोलले. म्हटलं, आत्याबाई, नजर-बिजर काही नाही, पाणी गार होतं, एवढंच. आक्काचा काडीचा दोष नाही. मला वाटलं, त्या चकित होतील. त्या म्हणाल्या, थंडीत ऊन पाणी घालायचं हे तुला म्हाईत न्हवतं? म्हणजे बघा! त्यांना माहीत होतं. जन्मभर तेच करत आल्या होत्या. पण घुसळताना बोलायचं नाही ना, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही, आणि रोज माझ्या शेजारी बसून, मी पाणी ओतताना बघूनही त्यांना ते गार आहे हे कळलंच नव्हतं. थंडीत ऊन पाणीच ओतायचं, एवढं तर जगातल्या कुठल्याही सुनेला ठाऊक असणार, मग ही घागरीतलं ऊन करूनच ओतत असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मग आता तरी पटलं ना? त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की लोणी पाण्यानं येतं आणि नजरेनं जातं, दोन्ही खरं आहे, आणि मी अजून लहान आहे.

तोवर ही गोष्ट पाणवठ्यावर पोचली होती. आत्याबाई बोलायच्या कमी, म्हणून त्या बोलल्या की लोकांना ते जास्त खरं वाटायचं. वाडी ती केवढी, पंधरा-वीस उंबऱ्यांची. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचं पोर रात्री दचकून उठत होतं, कुणाच्या कोंबडीखालची अंडी गेली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ, पण सगळ्यांच्या फांदीवर एकच कावळा बसवला गेला. नवऱ्यानं टाकलेली, पोटी मूल नसलेली बाई. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. ती दिसली की बायका पोरांना आत घ्यायच्या आणि म्हशींची तोंडं भिंतीकडं वळवायच्या.

आणि माझ्याशी बोलायला कुणी उरलं नाही. लोकांना वाटेल ही दुसऱ्याच्या दुःखात आपलं रडगाणं गाते. गाते तर गाते. मला तेव्हा एकोणिसावं लागलं असेल. सकाळी डेरा भरायचा, उंबऱ्याकडं पाठ करून बसायचं, लोणी आलं तरी ‘आलं’ म्हणायला जीभ उचलत नव्हती. ताक एवढं उरायचं की आम्ही ते म्हशींच्या आंबोणात घालायचो. यांना पत्र लिहावं म्हटलं तर सीमेवरच्या माणसाला काय कळवणार, की इकडं लोणी येत नव्हतं, आता येतंय? मला आक्का परत हवी होती. दुसरं काही नको होतं. तिनं उंबऱ्याशी येऊन बसावं आणि मला माणची म्हणावं.

म्हणून मी एके दिवशी शेणाची पाटी घेऊन मुद्दाम तिच्या परसातून गेले. ती चुलीपुढं बसली होती. मी आत शिरले तर ती चटकन तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागली. मी समोर गेले, तिनं पुन्हा मान फिरवली. मला आधी वाटलं, रागावलीय. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, गार पाणी, ऊन पाणी, आईचा मंत्र, आत्याबाईंचं मौन. म्हटलं, तुझा काही संबंध नाही आक्का, माझ्या आईनं शिकवलेलं इथं लागू पडलं नाही, एवढीच गोष्ट.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात, बाजाराला जाऊन आल्याची गोष्ट सांगावी तसं सांगायला लागली. दिराच्या धाकट्या पोराला तिनं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच रात्री त्याला ताप भरला. माहेरच्या परड्यातला आंबा तिनं एकदा ‘काय मोहोर आलाय’ म्हणून बघितला आणि त्या वर्षी एक कैरी धरली नाही. नवरासुद्धा तिला डोळे भरून बघावासा वाटायचा. तोही गेलाच की. म्हणाली, लोक उगाच म्हणत नसतील गं.

मला असा संताप आला. आत्याबाईंचा आला नव्हता एवढा. म्हटलं, डोळ्यांत काय असतंय, चिपडं असतात! नवरा गेला तो त्याच्या पायांनी गेला, तुझ्या डोळ्यांनी नव्हे. नाचता येईना अंगण वाकडं, तसली ही वाडी, आणि तू त्यांचंच खरं धरून बसलीस? ती जराशी हसली. तेवढ्यानं मला धीर आला. मी म्हटलं, आत्याबाई परवा मेढ्याला बाजाराला जाणार आहेत, दिवस जाईल त्यांचा. तू मागल्या दारानं ये. मी तुझ्या समोर घुसळते. तू बसून बघ. तू बघत असताना लोणी आलं तर मानशील ना? ती नको नको म्हणाली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, येत नसशील तर मी इथनं उठतच नाही, मग बसू दे शेण तसंच. ती म्हणाली, येते बाई, ऊठ.

आत्याबाई तांबडं फुटायला गेल्या. मी पाणी ऊन करून ठेवलं, दही डेऱ्यात घातलं आणि दाराकडं डोळे लावून बसले. मला वाटत होतं, येत नाही. आली. पदर कपाळाच्याही खाली ओढून, चोरासारखी. ती त्या घरात पहिल्यांदाच आत येत होती. मी तिला घुसळखांबाच्या अंगाला, भिंतीशी बसवलं. माजघर अंधारं, तिच्या पाठीशी मागलं दार, त्यामुळं तिचा नुसता आकार दिसत होता. मी म्हटलं, नीट बघ हं. ती म्हणाली, हूं.

मी दोरी धरली आणि मुद्दाम बोलत राहिले. एकूण एक नेम मोडायचा असं ठरवूनच बसले होते. लोणी, लोणी म्हणून दहा वेळा नाव घेतलं. तिला माणातल्या गोष्टी सांगितल्या, छावणीतल्या गाईची सांगितली, आमच्या शाळेच्या गुरुजींनी शेळीचं दूध पिऊन कसा पोटाला त्रास करून घेतला ते सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीला हूं म्हणत होती, एकदा तर चांगली हसलीही. हात आपोआप चालत होते. मला वाटलं, परत आली ही. किती दिवसांनी त्या घरात दोन माणसं बोलत होती. मी ऊन पाणी ओतलं, रवीची ओढ जड झाली, आणि आवाज फुटला.

मी दोरी टाकली. दोन्ही हातांनी गोळा काढला, ताजा, ताक गळतंय अशी ओंजळ तशीच तिच्या तोंडापुढं धरली. माझा आनंद पोटात मावत नव्हता. म्हटलं, बघितलंस? तुझ्या देखत आलं की नाही? आता बोल!

तिनं मान खालीच ठेवली होती. म्हणाली, “न्हाई बया. मी बसल्यापासनं डोळं मिटूनच हाय. तुझं लोनी जाया नगं म्हनून.”

मी खाली वाकून पदराखाली बघितलं. खरंच मिटलेले होते, घट्ट, लहान पोरं लपाछपीत मिटतात तसे. ओंजळीतून ताक माझ्या पायावर गळत होतं. मी म्हटलं, आक्का, आता तरी उघड. आलंय ना, आता काय व्हायचंय? उघड.

ती उठली. चाचपत तिनं माझा खांदा शोधला, त्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं. मग आधी तोंड दाराकडं फिरवलं, आणि त्यानंतर डोळे उघडले, आणि मागं न बघता परड्यातून चालत गेली.